मोठ्या बाबांची फडकी

नवरात्र संपत आलं की सुरतेतल्या उधन्याच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. कापडाच्या गाठींनी छपरापर्यंत लादलेले टेम्पो एकमेकांना खेटून उभे असतात, त्या गाठींवर माणसं बसल्या बसल्या डुलक्या घेत असतात, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो. सिझन. "सिझन चालू छे, बहेन," असं कोपऱ्यावरचा चहावाला म्हणतो तेव्हा त्याला पाऊस-थंडी काही म्हणायचं नसतं. या शहरात जन्मून मी दोनच ऋतू ओळखीचे केले, दिवाळीचा आणि लग्नसराईचा. बाकीचे दिवस म्हणजे त्यांच्या मधली उसंत.

मी इथल्या मराठी शाळेत शिकवते. खरं तर माझा सिझनशी काही संबंध नाही. माझी तर सहामाही परीक्षा उरकून सुट्टी लागायची असते. पण हे दिवस आले की माझ्या खांद्यांत जडपणा उतरतो. परवा वर्गात एक मुलगी बाकावर डोकं टेकून झोपली होती. उठवलं तर डोळे चोळत म्हणाली, "टीचर, घरी साड्यांना टिकल्या लावायच्या असतात ना. सिझन आहे." मी तिला रागावले नाही. पुन्हा झोपू दिलं. फळ्याकडे वळले तेव्हा मला मोठ्या बाबांचे हात दिसले.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही रंगारी. नंदुरबारच्या पुढे, तापीच्या काठी आमचं गाव. पिढ्यान् पिढ्या आमच्या घरात फडकी छापली जायची. फडकी म्हणजे तिकडच्या डोंगराळ भागातल्या बायका डोक्यावरून घेतात ते छापील सुती वस्त्र. ओढणीपेक्षा आखूड, रुमालापेक्षा पुष्कळ मोठं. तांबडी जमीन, तिच्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी आणि काठाला वेल. शेतात ऊन लागलं की ती डोक्यावर, भाजी तोडली की तिची झोळी, पोर रडलं की तिचाच पाळणा.

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, हे काम तरुणपणीच सोडलं आणि ते सुरतेला आले. दोघा भावांचं भागेल एवढी गिऱ्हाइकी उरली नव्हती. मोठे बाबा मागे राहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उधन्याहून पॅसेंजर पकडून गावी जायचो, तेव्हा मी त्यांच्या कामाच्या ओट्याशी बसून राहायची. हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं पिवळट कापड, काळ्या रंगासाठी गुळात कुजवलेल्या लोखंडाचा आंबूस वास, सागवानी ठसा टेकवून त्यावर मारलेली मूठ. ठक, ठक, ठक. त्या आवाजात घाई नसायची. मग ते कापड तांबड्या रंगात उकळायचं आणि नदीवर न्यायचं. मोठे बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून कापडाचं एक टोक धरायचे आणि बाकीचं प्रवाहात सोडून द्यायचे. जास्तीचा रंग नदीच काढून न्यायची. तीच तापी पुढे आमच्या सुरतेत येते. लहानपणी पुलावरून जाताना मी खाली वाकून पाण्यात तांबडा शोधायची. कधी दिसला नाही.

मी कॉलेजात गेले त्या उन्हाळ्यात मोठ्या बाबांनी मला एक फडकी दिली. नेहमीपेक्षा लहान, मऊ सुताची, मुद्दाम माझ्यासाठी छापलेली. "उन्हात जाशी, डोक्यावर घेशी," एवढंच म्हणाले. सुरतेच्या मुली तेव्हा नायलॉनचे फुलाफुलांचे स्कार्फ तोंडाला बांधून लुनावर फिरायच्या. मी माझी फडकी बांधायची. ती घामानं अंगाला चिकटायची नाही. धुतली की पहिल्यांदा थोडा रंग जायचा आणि मग तांबडा आणखी खोल व्हायचा. मैत्रिणी विचारायच्या, कुठून आणलीस? मी सांगायची, आमच्या घरची आहे.

आप्पा उधन्यातल्या एका छपाईच्या मिलमध्ये टेबलावर काम करायचे. लांबच लांब टेबल, त्यावर ताणून बसवलेलं पॉलिएस्टर, आणि दोन बाजूंना दोन माणसं. दोघांनी मिळून फ्रेम उचलायची, पुढच्या खुणेवर ठेवायची, रंग ओतायचा, रबराची पट्टी एकाने दुसऱ्याकडे ओढायची, दुसऱ्याने परत पाठवायची. पुन्हा फ्रेम उचलायची. बारा तास. आप्पांच्या अंगाला रॉकेलचा आणि खळीचा वास कायमचा बसलेला होता. सणाला अत्तर लावलं तरी तो वर यायचा.

श्रावणात एकदा आप्पा डबा विसरून गेले म्हणून मी तो घेऊन मिलवर गेले. डोक्यावर फडकी होती. दाराशी शेठ उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, फडकीकडे पाहिलं.

"आ क्यांथी लावी, दीकरी?" कुठून आणलीस, म्हणून विचारलं.

"माझ्या मोठ्या बाबांनी छापली," मी म्हणाले. आवाजात किती तोरा होता, तो आजही मला ऐकू येतो.

शेठनी काठ चिमटीत धरून पाहिला, उलटा करून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आप्पांना बोलावून घेतलं. तिकडच्या बाजारांत ही नक्षी चालते, आपण ती पॉलिएस्टरवर काढू, म्हणाले. मिलचा डिझाइनर आजारी वडिलांना बघायला गावी गेला होता. नक्षी ट्रेस करायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी आप्पा जेवायला बसले आणि ताटावरच थांबले. "दादाची आहे ती," ते आईला म्हणाले.

"मग नाही म्हणा," आई म्हणाली.

"म्हटलं. तर शेठ म्हणतात, आपण नाही केली तर दुसरा करेल."

ते बराच वेळ भाताशी चाळा करत राहिले. आप्पा थकलेले होते. त्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगठ्याची कातडी रसायनांनी सोलून निघाली होती, आणि टेबलावरून काढून गाठी उचलायच्या कामाला लावतील ही धास्ती त्यांना असायची. थकलेल्या माणसाला हो म्हणायला काहीच लागत नाही. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा हात चांगला आहे. काढशील का?"

मी काढली. तीन संध्याकाळी खिडकीशी बसून, फडकीवर पारदर्शक फिल्म अंथरून, काळ्या शाईने. तांबड्याची एक फिल्म, काळ्याची एक. ठिपक्यामागून ठिपका, वेलीचं पान न् पान. शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खटखट चालू असायची आणि त्या तालावर माझा हात चालायचा. वाईट वाटलं का? नाही. खोटं कशाला सांगू? मला मजा आली. माझ्या हाताने काढलेलं काहीतरी छापून निघणार होतं. फिल्म पाहून शेठ म्हणाले, मशीननं काढल्यासारखं आहे, आणि माझ्यासाठी ड्रेसचं कापड पाठवलं. मी ते शिवून नवरात्रात गरब्याला घातलं.

दसऱ्याला मिलला सुट्टी होती. आई पुऱ्या तळत होती, आप्पा दाराला तोरण बांधत होते, आणि समोरून मोठे बाबा आले. हातात कापडी पिशवी. सणाच्या दिवशी घर सोडून कुणी येत नाही. आईने कढईखालची आच कमी केली.

त्यांनी पाय धुतले, पाणी प्यायले, गावची ख्यालीखुशाली सांगितली. मग पिशवीतून एक घडी काढली आणि जमिनीवर पसरली. पॉलिएस्टरची फडकी. तांबडी, चकचकीत, एकही सुरकुती नसलेली.

"शहाद्याच्या बाजारात एका म्हातारीने दाखवली," ते म्हणाले. "माझ्याकडे येते दरवर्षी. या वर्षी आली ती हे डोक्यावर घेऊन. म्हणे, रंगारीबाबा, नक्षी तुझीच आहे, पण ही हलकी आहे, धुतली की लगेच सुकते. माझ्याकडून एकही गेली नाही. पूर्ण गठ्ठा परत आणला."

मोठ्या बाबांनी काळ्या ठिपक्यांच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हाऊ ठिपका देख."

त्या ओळीत सात ठिपके असायला हवे होते. चौथ्याच्या जागी रिकामं होतं. आमच्या आजोबांच्या हातून ठसा पडला होता, तेव्हा तो ठिपका तुटला. आजोबांनी नवा ठसा केला नाही, मोठ्या बाबांनीही नाही. सुती फडकीवर तांबड्यात तो खंड लपून जायचा. माझ्याही कधी लक्षात आला नव्हता, आणि तरी मी तो काढला होता. आता त्या चकचकीत कापडावर प्रत्येक ओळीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ती रिकामी जागा दिसत होती.

"कुणी मनाने काढली असती तर सात काढले असते," मोठे बाबा शांतपणे म्हणाले. "हा ठसा माझा आहे. माझी फडकी समोर ठेवून काढली. शेठले कोनी दिन्ही?"

मी स्वयंपाकघराच्या दारात पुऱ्यांचं ताट घेऊन उभी होते. अंगावर तोच ड्रेस होता. आप्पांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"मीच दिन्ही, दादा," ते म्हणाले. "नक्षी मीच काढली."

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही असेन कदाचित. पण आईने माझ्या हातातून ताट घेतलं आणि माझ्यापुढे होऊन वाढायला बसली, आणि तो क्षण निघून गेला. मोठ्या बाबांनी पिशवीत हात घातला आणि आपट्याची पानं काढली. गावाकडून आणलेली, थोडी कोमेजलेली. "सोनं घ्या," म्हणाले. आधी आईला दिलं, मग मला, आणि शेवटी आप्पांना. आप्पा त्यांच्या पायाशी वाकले ते लवकर उठलेच नाहीत.

माणसं भांडतात तेव्हा निदान घरात आवाज तरी असतो. पुढचे दोन दिवस आमच्या घरात भांड्यांचाही आवाज झाला नाही. मोठे बाबा उंबऱ्यावर बसून टेम्पो बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा कामावर निघाले तेव्हा तेही उठले, टोपी झटकली आणि म्हणाले, "तुना शेठकडे माले काम भेटी का?"

आप्पांना वाटलं, टोमणा आहे. तो टोमणा नव्हता. ठसे त्यांनी पोत्यात बांधून ठेवून दिले होते, मोठ्या मायला, म्हणजे माझ्या काकूला, तिच्या भावाकडे सोडलं होतं. ते आले होते तेच मुळी यासाठी. फडकी दाखवायची होती ती फक्त एकदा दाखवून मोकळं व्हायचं म्हणून.

सिझनमध्ये हात कुणाला नको असतात? शेठनी त्याच दिवशी ठेवून घेतलं. आप्पांच्या समोरचा माणूस तापाने घरी बसला होता, त्याच्या जागी मोठे बाबा उभे राहिले. आणि टेबलावर त्या दिवसांत काय होतं? फडकीच. तिकडून मागणी आली होती, लग्नसराईपर्यंत पुरेल एवढी.

त्या आठवड्यात मी दोघांचा डबा घेऊन गेले, ते दृश्य मला अजून सोडत नाही. बाहेर आश्विनाचं दमट ऊन, आत त्याहून गरम. पंखे नुसताच वास फिरवत होते. टेबलाच्या एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला मोठे बाबा, मध्ये माझ्या फिल्मवरून बनवलेली फ्रेम. दोघे एकदम वाकायचे, एकदम उचलायचे. पट्टी आप्पांकडून मोठ्या बाबांकडे जायची, मोठ्या बाबांकडून आप्पांकडे यायची. भाऊ असल्यामुळे की काय, त्यांचा ताल आजूबाजूच्या सगळ्या जोड्यांपेक्षा चांगला जमला होता. फक्त प्रत्येक वेळी फ्रेम उचलली की मोठे बाबा हवेतच मूठ आवळायचे, ठशावर मारायला आवळावी तशी, आणि मग सोडून द्यायचे.

"दादा, गरज नाही त्याची," आप्पा हळूच म्हणाले.

"माले ठाऊक शे. हातले सवय शे."

मी डबा खुंटीला अडकवला आणि निघून आले.

घरी आल्यावर दोघं हातपाय धुवायचे आणि जेवताना पेंगायचे. एकदा मोठ्या बाबांचा घास तोंडाशी जाऊन तिथेच थांबला आणि ते बसल्या जागी झोपले. आईने त्यांच्या हातातली भाकरी काढून घेतली. मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. संध्याकाळी त्यांचे डोळे बघितले की वाटायचं, एवढ्या थकलेल्या माणसाच्या अंगावर आता हे कुठे टाकू? आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटायची. मोठ्या बाबांच्या मनात माझी एक जागा होती. त्यांच्या ओट्याशी तासन् तास बसून राहणारी, आणि जिला ते ठशाला हात लावू द्यायचे अशी एकटीच मी. आप्पांनी माझ्यासाठी ती जागा राखली होती आणि स्वतःची घालवली होती. आम्ही दोघांनीही त्यावर चकार शब्द काढला नाही. आप्पा फक्त माझ्याशी जरा जास्तच मायेने बोलायचे, आणि त्याने मला अधिकच थकल्यासारखं व्हायचं.

मोठे बाबा पुढे चार वर्षं त्या टेबलावर राहिले. नंतर शेठनी मोठी यंत्रं आणली, टेबलं निघाली, ते गावी परत गेले. ठशांचं पोतं त्यांनी पुन्हा उघडलं नाही. मोठ्या मायला घेऊन शेवटपर्यंत नदीकाठच्या त्याच घरात राहिले. आप्पा गाठी उचलायच्या कामावर गेले, ज्याची त्यांना धास्ती होती त्याच, आणि निवृत्त होईपर्यंत ते करत राहिले. दोघा भावांचं येणं-जाणं कधी तुटलं नाही. आता दोघेही नाहीत. हल्ली प्रदर्शनांत हाताने छापलेले सुती स्कार्फ लोक कौतुकाने घेतात. मैत्रिणी मला बरोबर नेतात, नैसर्गिक रंग कसे ओळखायचे ते विचारतात. मी सांगते. घेत मात्र नाही. माझी फडकी विरून गेली तेव्हा आईने तिचे तुकडे गोधडीत घातले, आणि ती गोधडीही आता राहिली नाही. त्यात शोक करण्यासारखं काही नाही. सूत विरायचंच. मला झोप लागत नाही ती त्याच्यामुळे नव्हे.

मोठे बाबा आले त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या सकाळपर्यंत मिल चालू होती. शेवटचे दोन दिवस दोघांनी दोन-दोन पाळ्या केल्या. सकाळी आले, आईने तेल लावून दिलं, अंघोळ केली, फराळाच्या ताटल्या पुढे ठेवल्या तर एकेक करंजी उचलून तशीच खाली ठेवली आणि पुढच्या खोलीत फरशीवर आडवे झाले. दुपार झाली, उन्हं कलली, दोघं हलले नाहीत. गल्लीत फटाक्यांची माळ अगदी आमच्या दाराशी लागली. मी कानांवर हात ठेवले. त्यांच्या पापण्याही हलल्या नाहीत.

"उठवू का? पूजेची वेळ झाली," मी आईला विचारलं.

"झोपू दे," आई म्हणाली. "लक्ष्मी काही रागवायची नाही." तिने एकटीनेच पूजा केली, आरतीही ओठांतल्या ओठांत म्हटली.

दाराशी पणत्या ठेवायला मला मोठ्या बाबांना ओलांडून जावं लागणार होतं. थोरल्या माणसाला ओलांडू नये म्हणून मी भिंतीच्या कडेने सरकत होते, तर त्यांनी डोळे उघडले. बाहेर नुकतं अंधारत होतं.

"पाणी," ते म्हणाले.

मी पेला भरून आणला. ते कोपरावर उठून प्यायले. तळहाताच्या रेघांमध्ये तांबडा रंग बसलेला होता, उटण्यानेही न निघालेला. आप्पा पलीकडे घोरत होते. मी पेला परत घेतला आणि एकदम माझ्या तोंडून निघून गेलं.

"मोठे बाबा, आप्पांनी नाही काढली ती. फिल्म मी काढली होती. तीन दिवस बसून, मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. झोपेने जड झालेल्या, लालसर डोळ्यांनी. ठसा टेकवल्यावर कापडाकडे बघायचे तसं. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते.

"चांगली काढेल व्हती, बाई," ते म्हणाले.

मग त्यांनी कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा झोपी गेले. मी रिकामा पेला हातात धरून तिथेच बसून राहिले, आईने पणत्यांत तेल घालायला हाक मारेपर्यंत.